दुपारच्या प्लेटला रिलीफ कमी का येतो? एक्सपोजर युनिटमधल्या उष्णतेचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा. इंदूरला सांवेर रोडवर फ्लेक्सो छपाईच्या, म्हणजे उठावाच्या रबरासारख्या पॉलिमर प्लेटा बनवायची प्लेटरूम आहे. काम मुख्यतः नमकीनच्या पाकिटांचं, प्लेटा २.८४ मिमीच्या, निगेटिव्ह (मजकुराची फिल्म) लावून यूव्ही प्रकाशात एक्सपोज होतात; प्रकाश लागलेला भाग पिकून घट्ट होतो, उरलेला वॉशआउटमध्ये ब्रशनं धुतला जातो. युनिटमध्ये ८० वॅटच्या २० ट्यूबा. सकाळच्या पहिल्या प्लेटला रिलीफ, म्हणजे तळापासून अक्षरांचा उठाव, ०.९ मिमी मिळतो. दुपारी तीननंतर तेवढ्याच सेकंदांत तो ०.७ वर येतो, आणि पाकिटाच्या मागची उलटी, म्हणजे रंगात कोरी सोडलेली, बारीक अक्षरं (घटकपदार्थ, परवाना क्रमांक वगैरे) भरून जातात. प्लेट ठेवायच्या बेडला हात लावला तर चटका बसतो, थर्मामीटर ४७ अंश दाखवतो. ट्यूबांवर एका बाजूनं पंखा सोडून पाहिला. अक्षरं जरा सुधारली, पण पंख्याकडच्या कडेचे हायलाइटचे (फिक्या छटांचे) डॉट वॉशआउटमध्ये गळायला लागले. आता बेड थंड ठेवायला पाण्याचा चिलर घ्यावा का?

घ्यावा, पण आज नाही. त्याआधी तीन-चार स्वस्त कामं आहेत. ती न करता चिलर बसवलात तर महाग मशीन लावूनही दुपारची तक्रार अर्धीमुर्धी तशीच राहील.

मूळ घोटाळा असा की युनिटमध्ये उष्णता एक नाही, दोन आहेत. एक ट्यूबेची, दुसरी प्लेटची. दोघींना हवं असलेलं तापमान वेगळं आहे आणि पंखा दोघींना एकाच काठीनं हाकतो. ट्यूब थंड केलीत तर प्रकाश घटतो. प्लेट गरम राहू दिलीत तर कमी प्रकाशातही ती जास्त पिकते. तुमच्याकडे सध्या दोन्ही चुका एकाच वेळी चालू आहेत, म्हणून एकीकडे अक्षरं भरतात आणि दुसरीकडे डॉट गळतात.

आधी ट्यूब. एक्सपोजरची ट्यूब ही घरातल्या ट्यूबलाइटचीच बहीण. आत कमी दाबाची पाऱ्याची वाफ, ती २५४ नॅनोमीटरचा किरण देते, आणि काचेच्या आतला फॉस्फर त्याचं रूपांतर ३६५ नॅनोमीटरच्या आसपासच्या यूव्ही-ए मध्ये करतो. वाफेचा दाब ठरतो काचेच्या सर्वांत थंड जागेवर. ती जागा साधारण ४० अंशांवर असली की प्रकाश सर्वाधिक. त्याखाली वाफ अपुरी पडते, त्यावर गेलं की पारा स्वतःचाच किरण शोषून घेतो आणि प्रकाश पुन्हा घसरतो. म्हणजे जानेवारीत सकाळी १० अंशांच्या थंडीत पेटवलेली ट्यूब जशी आळशी असते तशीच मे महिन्यात कोंडलेल्या पेटीतली ट्यूबही. तुमच्या पंख्यानं काय केलं? त्याच्या झोतातल्या कडेच्या ट्यूबा ४० च्या खाली नेल्या. उजेड डोळ्यांना तेवढाच जांभळा दिसतो, पण यूव्ही कमी झाला. त्या कडेचे डॉट तळापर्यंत धरलेच नाहीत आणि ब्रशनं उडवले.

आता प्लेट. कच्चं पॉलिमर गरम झालं की आतले मोनोमर जास्त मोकळेपणानं हलतात आणि साखळी लवकर जुळते. पिकण्याची क्रियाही स्वतः उष्णता सोडते, ती वर भर घालते. नुसत्या प्रकाशाचा हिशेब करून पाहा. २० मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटर इतका प्रकाश १० मिनिटं म्हणजे १२ ज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर. २.८४ मिमी प्लेटच्या एका चौरस सेंटिमीटरचं वजन सुमारे ०.२८ ग्रॅम, आणि अशा रबरासारख्या पदार्थाला ग्रॅममागे एक अंश वाढायला साधारण २ ज्यूल लागतात. ही सारी ऊर्जा प्लेटमध्येच अडकली तर प्लेट २० अंशांच्या वर चढेल. १.१४ मिमीची असेल तर ५० च्या वर. प्रत्यक्षात बरीचशी उष्णता खाली बेडमध्ये निघून जाते, म्हणूनच बेड महत्त्वाचा. बेड प्लेटची मोरी आहे. मोरीच तुंबली, म्हणजे बेडच ४७ वर बसला, तर उष्णता जायची कुठे?

तुमचा रिलीफ ०.९ वरून ०.७ वर आला याचा अर्थ फ्लोअर, म्हणजे अक्षरांखालचा पिकलेला तळ, १.९४ वरून २.१४ मिमी झाला. फ्लोअर ठरतो बॅक एक्सपोजरमध्ये, म्हणजे प्लेटच्या पाठीकडून दिलेल्या प्रकाशात, आणि ते काही सेकंदांचं काम. निगेटिव्हमधून होणाऱ्या मेन एक्सपोजरला दहा-पंधरा मिनिटं मिळतात, तिथे थोडा फरक पचून जातो. बॅकला पचत नाही. सुरुवातीचे काही सेकंद पॉलिमरमधला विरघळलेला ऑक्सिजन आणि इनहिबिटर (पिकणं रोखणारा पदार्थ) संपवण्यात जातात, त्यानंतर फ्लोअर झपाट्यानं चढतो. गरम प्लेटमध्ये त्या चढाला वेग येतो. त्यामुळे दुपारची तक्रार पहिल्यांदा रिलीफमध्ये दिसते आणि ऑपरेटरला वाटतं वॉशआउट कमी झालं. मग तो वॉशआउट वाढवतो. त्यानं फ्लोअर खाली जात नाही, प्लेट फक्त फुगते आणि बारीक डॉटांची मुळं सैल होतात.

तर सुरुवात मोजण्यापासून. तुमचे ते ४७ अंश कशावर घेतले? लेझरचा ठिपका पाडणारं इन्फ्रारेड थर्मामीटर उघड्या, चकचकीत ॲल्युमिनियमवर धरलं असेल तर आकडा सोडून द्या. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी सोडतो आणि वरच्या ट्यूबांची परतवतो. थर्मामीटर बेडऐवजी छताचा ताप सांगतो. बेडवर पाच ठिकाणी काळ्या इलेक्ट्रिकल टेपचे दोन-दोन इंचांचे तुकडे चिकटवा, दोन मिनिटं थांबा, थर्मामीटरवर उत्सर्जकता (एमिसिव्हिटी) ०.९५ ठेवून टेपवर मोजा. त्याहून बरं म्हणजे के-टाइप थर्मोकपल बारीक वायरीचं घ्या आणि टाकाऊ प्लेटच्या तुकड्याखाली टेपनं बसवून झाकण बंद करून आकडा वाचा. झाकण उघडल्यावरचा आकडा आणि बंद असतानाचा यात सहज काही अंशांचा फरक निघतो.

हे एकदा नाही, दिवसभर करायचं. सकाळी युनिट सुरू करण्याआधी, वॉर्मअपनंतर, आणि मग प्रत्येक तिसऱ्या प्लेटला. दोन दिवसांत वहीत जो आलेख उमटेल तो पुष्कळ काही बोलतो. वॉर्मअपकडे मुद्दाम लक्ष द्या. बहुतेक जण झाकण बंद करून ट्यूबा दहा मिनिटं पेटत्या ठेवतात, प्लेट आत नसते आणि बेड उघडा भाजत असतो. पहिली प्लेट ठेवण्याआधीच बेड ३५ वर गेलेला असतो, आणि आपण म्हणतो सकाळ थंड आहे.

प्रकाश मोजायला यूव्ही-ए रेडिओमीटर हवा, ३६५ साठी कॅलिब्रेट केलेला. बेडच्या चार कोपऱ्यांवर, चार कडांच्या मध्यावर आणि मध्यभागी अशा नऊ जागा खडूनं आखून घ्या. ट्यूबा पेटल्यापासून दर दोन मिनिटांनी मध्यभागाचा आकडा लिहा. तो जिथे स्थिरावतो तो तुमचा खरा वॉर्मअप. मग नऊही जागा. मीटर आत ठेवून चहाला जाऊ नका, सेन्सर तापला की तोही खोटं बोलतो. नऊ आकड्यांत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान यांत दहा टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर उष्णतेचा विचार करण्याआधी ट्यूबा आणि रिफ्लेक्टर पाहा.

ट्यूबा जुन्या झाल्या की उष्णतेचा प्रश्न आपोआप वाढतो. ट्यूब म्हातारी झाली तरी ८० वॅट खातच राहते, यूव्ही मात्र कमी देते. समजा नवीन असताना २० मिलिवॅट होता तिथे आता १३ आहे. तेच १२ ज्यूल मिळवायला १० मिनिटांऐवजी सव्वापंधरा मिनिटांच्या वर लागतात. म्हणजे प्लेट त्याच भट्टीत दीडपटीहून जास्त वेळ. टोकं काळी पडलेली ट्यूब लगेच ओळखू येते. पण फॉस्फर थकलेली ट्यूब डोळ्यांना चांगली दिसते. या ट्यूबा साधारण ८०० ते १००० तासांच्या असतात, म्हणून तासमीटर बसवा. आणि बदलायच्या तेव्हा वीसच्या वीस बदला. एक जळाली म्हणून एक नवी घातलीत तर तिच्याखाली एक उजळ पट्टा तयार होतो, त्या पट्ट्यात उलटी अक्षरं भरतात, आणि लोक निगेटिव्हला दोष देतात. नव्या संचानंतर बॅक आणि मेन दोन्हींच्या वेळा नव्यानं काढाव्या लागतात हे सांगायला नकोच, पण विसरतात सगळे.

पंखा काढून टाका. ट्यूबांवर हवा मारायची नाही, पेटीतून ओढायची. पेटीच्या माथ्यावर मधोमध एक्झॉस्ट ब्लोअर आणि दोन्ही लांब बाजूंना खाली सारख्या अंतरावर चिरा, म्हणजे प्रत्येक ट्यूबेवरून हवा सारखी आणि हळू जाते. ब्लोअर किती मोठा? २० ट्यूबा गुणिले ८०, म्हणजे १६०० वॅट. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या हवेत १० अंशांचा फरक चालेल असं धरलं तर तासाला सुमारे ४८० घनमीटर, बाजाराच्या भाषेत २८० सीएफएम (मिनिटाला घनफूट). फिल्टर आणि डक्टचा अडथळा धरून ४०० चा घ्या, पण त्याला स्पीड रेग्युलेटर आणि थर्मोस्टॅट लावा. थर्मोस्टॅटचा बल्ब ट्यूबांच्या टोकांजवळ, दोन ट्यूबांमधल्या हवेत. थंडीत सकाळी ब्लोअर सुरू व्हायचाच नाही, ट्यूबा तापल्या की हळूहळू वेग घेईल. वेग ठरवायची कसोटी रेडिओमीटर आहे: ब्लोअर वाढवत जा, आकडा आधी वाढेल, मग एका ठिकाणी पडायला लागेल. पडण्याच्या किंचित अलीकडे थांबा.

ही ओढलेली हवा कुठे सोडायची, यावर लोक विचारच करत नाहीत. सरसकट उत्तर असतं: बाहेर. इंदूरच्या मे महिन्यात हे उलटं पडतं. खोली एसीनं २६ वर ठेवली आहे, पेटीतून हवा ३६ ची निघते आणि बाहेर ४२ आहे. ३६ ची हवा बाहेर टाकलीत की तेवढीच ४२ ची हवा दाराच्या फटींतून आत येणार, वर सांवेर रोडची धूळ घेऊन. हिशेब केला तर ट्यूबांची १६०० वॅट उष्णता खोलीतच सोडली तर एसीवर अर्ध्या टनाच्या आसपास भार येतो. बाहेर फेकून बदल्यात गरम हवा ओढलीत तर पाऊण टनाच्या घरात. म्हणजे मार्चच्या शेवटापासून पावसापर्यंत ती हवा एसीच्या रिटर्नजवळ सोडणं स्वस्त, आणि थंडीत तर खोलीतच हवी. डक्टला एक डँपर (हवेची वाट बदलणारी झडप) लावला की काम झालं. एक्सपोजरच्या यूव्ही-ए ट्यूबा ओझोन करत नाहीत, त्यामुळे ही सवलत आहे. डिटॅकच्या (तयार प्लेटचा चिकटपणा घालवणाऱ्या) यूव्ही-सी युनिटला ती नाही, त्याची हवा बाराही महिने बाहेरच.

वॉशआउटची वाफ या पेटीकडे ओढली जाणार नाही हेही बघा. परक्लोर आणि ब्युटॅनॉल या सॉल्व्हंटांचं मिश्रण वापरत असाल तर ब्युटॅनॉल पेट घेतो, आणि परक्लोरची वाफ तापलेल्या पृष्ठभागाच्या वा यूव्ही-सी च्या संपर्कात आली तर तिच्यातून हायड्रोजन क्लोराइड आणि फॉस्जीनसारखे वायू सुटू शकतात. वॉशआउटला स्वतंत्र एक्झॉस्ट, स्वतंत्र डक्ट, आणि मध्ये भिंत. इथे काटकसर नको.

चोक पेटीच्या आत आहेत का ते उघडून पाहा. जुन्या युनिटांत तांब्याचे चोक ट्यूबांच्या वरच बसवलेले असतात आणि तेही चांगले तापतात. ते बाहेर, हवेशीर पेटीत काढणं हे एका इलेक्ट्रिशियनचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. तांब्याच्या चोकचा दुसरा दोष म्हणजे व्होल्टेज पडलं की प्रकाश पडतो. शेजारचं मोठं मशीन सुरू झालं, जनरेटरवर बदली झाली, की त्या प्लेटला वेगळाच डोस. इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट (इलेक्ट्रॉनिक चोक) घेतलेत तर दोन्ही सुटतात. नाहीतर निदान सर्व्हो स्टॅबिलायझर.

तुमच्या युनिटला प्रकाशाचा इंटिग्रेटर असेल तर चांगलंच, पण त्याच्यावर सगळं सोपवू नका. तो डोस मोजतो. प्रकाश घटला तर वेळ वाढवतो. प्लेटचा ताप त्याला कळत नाही. उलट दुपारी ट्यूबा तापून प्रकाश घसरला की इंटिग्रेटर वेळ वाढवणार, आणि गरम प्लेट आणखी भाजणार.

आणि ती प्लेट मुळात आली कुठून? ही शक्यता आधी तपासायला हवी होती खरं तर. कच्च्या प्लेटांची खोकी पत्र्याच्या शेडमध्ये माळ्यावर ठेवली असतील तर मे महिन्यात तिथे ४५ सहज होतं. पॉलिमर उष्णता हळू सोडतं, मध्ये फोमचे थर, वर पुठ्ठा. खोकं प्लेटरूममध्ये आणून तासाभरात उघडलंत तर मधली प्लेट अजून गरमच असते. सकाळी वापरलेल्या प्लेटा रात्रभर निवलेल्या आणि दुपारच्या नुकत्या खाली उतरवलेल्या, असं असेल तर तुमचं अर्धं कोडं बेडपर्यंत जायच्या आधीच सुटलं. दुसऱ्या दिवशीच्या प्लेटा आदल्या दिवशी प्लेटरूममध्ये आडव्या ठेवा. खोकी उभी ठेवू नका, गरमीत कच्चं पॉलिमर कडेला ओघळतं आणि जाडीच बदलते. ती चूक कुठल्याही एक्सपोजरनं भरून निघत नाही.

आता बेड आणि पाणी. आपल्याला थंड बेड नको, कायम एकाच तापमानाचा बेड हवा. प्लेट बनवणाऱ्याच्या पत्रकात तापमान दिलं असेल तर तेच घ्या. नसेल तर २८ अंशांवर बांधून ठेवा आणि वर्षभर हात लावू नका. २८ का? मे महिन्यात गाठता येतं, जानेवारीत पाण्याच्या टाकीत एक किलोवॅटचा हीटर टाकून गाठता येतं, आणि पावसाळ्यात घाम फुटत नाही. या शेवटच्या कारणाकडे दुर्लक्ष करणारे चिलर १५-१६ वर लावून बसतात. इंदूरच्या मे महिन्यात बाहेर ४२ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना दवबिंदू १० च्या आसपास असतो, १६ चा बेड कोरडा राहतो, सगळे खूश. जुलैत २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रतेला दवबिंदू २५. सकाळी एसी लागायच्या आत चिलर चालू केला की १६ च्या बेडवर पाण्याचे मणी उभे राहतात. प्लेटच्या पाठीवर ते दबले की तिथे प्रकाश वाकतो, फ्लोअरवर चट्टे येतात. निगेटिव्हखाली गेले तर निगेटिव्ह चिकटते आणि काढताना पॉलिमर उचललं जातं. क्रम लक्षात ठेवा: आधी एसी, अर्ध्या तासानं पाणी, मग ट्यूबा.

चिलरचा आकार फार लागत नाही. ९०० बाय १२०० मिमी बेडवर २० मिलिवॅटचा प्रकाश म्हणजे जेमतेम २१६ वॅट. पेटीतली गरम हवा आणि ट्यूबांची बाकी उष्णता धरून ६०० वॅट समजा. अर्ध्या टनाचा चिलर दुपटीहून जास्त झाला. पाण्याचा प्रवाह मात्र सढळ हवा: मिनिटाला १० लिटर दिलं तर आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात एका अंशाच्या आत फरक राहतो, म्हणजे बेडची दोन टोकं सारखी. कमी प्रवाहात खूप थंड पाणी सोडणं ही नेहमीची चूक; मग एक कोपरा २० आणि दुसरा ३२.

छोटा कूलिंग टॉवर पुरेल का, असंही विचारलं जातं. गंमत अशी की मे महिन्यात पुरतो आणि पावसाळ्यात पुरत नाही. टॉवरचं पाणी ओल्या बल्बच्या (ओलं कापड गुंडाळलेल्या थर्मामीटरच्या) तापमानाच्या तीन-चार अंश वरच थांबतं. वर सांगितलेल्या मे महिन्याच्या हवेत ओला बल्ब २२, पाणी २६ चं मिळेल. जुलैत ओला बल्बच २६, पाणी ३० चं, आणि २८ चा बेड हुकला. म्हणून तुम्हाला चिलर लागणारच, फक्त तो उन्हाळ्यापेक्षा पावसाळ्यासाठी जास्त. वाळ्याचा कूलर प्लेटरूममध्ये लावायचा विचारही नको: खोली थंड होते पण आर्द्रता वर जाते, निगेटिव्ह ताणते, आणि वाळ्याची कुसं थेट व्हॅक्यूम शीटखाली (निगेटिव्ह प्लेटवर दाबून धरणारी पारदर्शक शीट).

पाणी बोअरचं घालू नका, क्षार बसून वर्षाभरात नळ्या अरुंद होतात. आरओचं पाणी आणि गंजरोधक. बेड ॲल्युमिनियमचा आणि नळी तांब्याची असेल तर गंजरोधक नसताना ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

सध्याच्या बेडमध्ये पाण्याची वाटच नसेल तर १० ते १२ मिमी जाड ॲल्युमिनियमचा पत्रा घेऊन त्याखाली नागमोडी चौकोनी नळी दाबून बसवून घेता येते. पत्रा आणि नळीच्या मध्ये उष्णता वाहणारी पेस्ट लावा, नुसते क्लॅम्प पुरत नाहीत. आणि वरचा पृष्ठभाग सपाट राहिला पाहिजे. वेल्डिंगनं पत्रा वाकला तर थंड बेड मिळेल, पण प्लेट टेकणार नाही.

टेकणं हाच पुढचा मुद्दा. उष्णता बेडमध्ये जायला प्लेट बेडला घट्ट लागायला हवी. खाली हवेचा फुगा राहिला तर ती जागा गरम राहते, आणि वर निगेटिव्हही तिथे सुटते. व्हॅक्यूम शीटवरून हातरुळानं मध्यापासून कडेकडे हवा काढा, मगच ट्यूबा. शीट स्वतः घोंगडीसारखी उष्णता कोंडते, जुनी पिवळी झाली असेल तर यूव्हीही खाते. ती वापरायची वस्तू आहे, जपायची नाही. गेजबद्दल एक सांगून ठेवतो: इंदूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाबच पाऱ्याच्या ७११ मिमीच्या आसपास, म्हणजे २८ इंच. पुस्तकात २८ इंच व्हॅक्यूम लिहिलंय आणि गेज २५-२६ च्या वर जात नाही म्हणून पंप दुरुस्तीला पाठवू नका.

निगेटिव्हवर काम करताना उष्णतेचा आणखी एक हिशेब असतो, रजिस्टरचा, म्हणजे रंग एकमेकांवर जुळण्याचा. पॉलिस्टरची फिल्म मीटरला अंशामागे साधारण १७ मायक्रॉन वाढते. पिवळा सकाळी ३० वर आणि काळा दुपारी ४५ वर एक्सपोज केलात, तर ६०० मिमी लांबीत ०.१५ मिमीचा फरक पडायला जागा आहे. पाकिटावरच्या बारीक अक्षरांना तेवढा पुरतो. एका जॉबचे सगळे रंग एका बैठकीत उरका.

हे सगळं बसेपर्यंत काम थांबणार नाही, तेव्हा तुमच्या युनिटला ताप किती भोवतो ते एका चाचणीनं काढून ठेवा. टाकाऊ नसलेल्या, एकाच बॅचच्या प्लेटमधून ५ सेंमी रुंद तीन पट्ट्या कापा. पहिली बेड २८ वर असताना, दुसरी ३५ वर, तिसरी ४२ वर. प्रत्येक पट्टी ठेवल्यावर ट्यूबा न लावता पाच मिनिटं थांबा, म्हणजे ती बेडचं तापमान घेईल. मग काळ्या पत्र्यानं झाकत झाकत पाच-पाच सेकंदांच्या आठ पायऱ्यांचं बॅक एक्सपोजर. तिन्ही एकत्र वॉशआउट, ६० अंशांवर दोन तास सुकवणं, आणि मायक्रोमीटरनं प्रत्येक पायरीचा फ्लोअर. आलेखावर तीन रेषा मिळतात. हव्या त्या फ्लोअरला तिन्ही रेषा किती सेकंदांवर छेदतात ते वाचा. तोवर दुपारच्या प्लेटला या तक्त्याप्रमाणे बॅकचे सेकंद कमी करायला हरकत नाही. मेनचे मात्र कमी करू नका. बारीक डॉटांची मुळं धरायला तो वेळ लागतोच.

एक उपाय ऐकीव म्हणून फिरतो: मेन एक्सपोजर दोन तुकड्यांत करायचं, मध्ये झाकण उघडून प्लेट निवू द्यायची. करू नका. ट्यूबा बंद झाल्या की वरच्या थरात ऑक्सिजन पुन्हा शिरतो आणि दुसऱ्या फेरीचा पहिला भाग त्यालाच संपवण्यात जातो. पाच अधिक पाच मिनिटं म्हणजे दहा मिनिटं होत नाहीत. काळा थर लेझरनं उडवलेल्या डिजिटल प्लेटला तर हवा थेट लागते, तिथे याचा फटका जास्त आणि बारीक डॉट टोकदार होऊन हरवतात. निववायचं असेल तर दोन प्लेटांच्या मध्ये बेड निववा: झाकण उघडं, पाणी चालू, टेपवर २८ दिसेपर्यंत. बॅक झाल्यावर मात्र प्लेट उलटून मेनला उशीर नको.

डिजिटलवर गेलात तर निगेटिव्ह आणि शीट जातात, पण त्यांच्याबरोबर प्लेट दाबून धरणारा व्हॅक्यूमही जातो. प्लेट स्वतःच्या वजनावर पडून राहते, वळलेली कड बेडपासून सुटलेली असते, आणि तीच जास्त तापते. एलईडी युनिटचं थोडक्यात: एलईडीची उष्णता मागच्या बाजूला निघते, म्हणून हेडला पाणी लागतं आणि ते चुकलं की प्रकाश लगेच पडतो; पण प्रकाशाचा मारा ट्यूबेपेक्षा कितीतरी तीव्र असल्यामुळे प्लेट स्वतःच्या क्रियेनं पटकन तापते. ‘एलईडी थंड असतो’ या विक्रेत्याच्या वाक्यावर बेडचं पाणी बंद करू नका.

खर्चाचा क्रम मग असा लागतो: टेप, थर्मोकपल आणि वही या आठवड्यात, प्लेटांची खोकी माळ्यावरून खाली, ट्यूबांचा पूर्ण संच, चोक बाहेर आणि ओढणारा ब्लोअर, शेवटी पाण्याचा बेड आणि चिलर. पहिल्या चारांनंतर दुपारचा रिलीफ ०.८५ च्या आसपास टिकत असेल, तर चिलर पावसाळ्याच्या तोंडावर घेतलात तरी चालेल.

ड्रायरचं एक राहिलं. ६० अंश म्हणजे ६०. लवकर सुकावं म्हणून ७० केलंत तर पाठीचा पॉलिस्टर कायमचा आखडतो आणि चार रंग चार मापांचे होतात. ड्रायरमधून काढलेली प्लेट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, जाडीच्या कामाला रात्रभर ठेवली तर उत्तम, आणि मगच पोस्ट एक्सपोजर (शेवटचं पूर्ण पिकवणं) आणि डिटॅक. आत सॉल्व्हंट असताना यूव्ही-सी मारला तर वरचा चिकटपणा जात नाही, म्हणून लोक वेळ दुप्पट करतात, आणि मग महिन्याभरात उलट्या अक्षरांच्या कोपऱ्यांत बारीक भेगा दिसू लागतात.